बारा हजारांचा मुलूख

वापी स्टेशनच्या पूर्वेला उतरून सिल्वासाची रिक्षा धरली की नकाशाची गरज पडत नाही, दुकानांच्या पाट्या वाचत गेलं तरी पुरतं. वापी गुजरातमध्ये, त्यामुळे तिथे दारूबंदी. थोडं पुढे गेलं की एकाएकी 'बार अँड रेस्टॉरंट', 'वाइन शॉप' अशा पाट्यांची झुंबड उडते. हे दादरा. मग त्या पाट्या जशा आल्या तशाच गायब होतात, कारण मध्ये पुन्हा गुजरातची चिंचोळी पट्टी लागते. आणि परत पाट्या सुरू झाल्या की समजावं, नगर हवेली आली. शेत तेच, ताड तेच, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललेली वारली बाईही तीच. हद्द तेवढी तीनदा बदललेली असते.

या एवढ्याशा रस्त्यावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सव्वाचार वर्षं खटला चालला. एका बाजूला पोर्तुगाल, दुसऱ्या बाजूला भारत. पंधरा न्यायाधीशांनी मराठी कागदातल्या एका शब्दाचा अर्थ लावला. आणि हे सगळं ज्यामुळे घडलं ते होतं १९५४च्या पावसाळ्यात मूठभर लोकांनी दोन-तीन पोलीस ठाण्यांवर केलेलं धाडस. गावपातळीवरचा उठाव, 'हा मुलूख कोणाचा' हा दोन देशांमधला तंटा आणि सामान्य माणसाचं खरं गाऱ्हाणं, या तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंततात आणि पुढे कशा सुटून जातात, हे पाहायला मला दादरा-नगर हवेलीइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही. क्षेत्रफळ जेमतेम ४९१ चौरस किलोमीटर, गावं बहात्तर. म्हणजे सगळं एका नजरेत मावतं.

सुरुवात पुणे दरबारापासून करावी लागते. मराठा आरमाराने एक पोर्तुगीज जहाज पकडलं होतं आणि त्याच्या भरपाईचा तंटा रेंगाळत होता. इकडे इंग्रजांशी युद्ध पेटलेलं. अशा वेळी फिरंगी इंग्रजांच्या बाजूला झुकू नयेत ही नाना फडणिसांची गरज होती. सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचे. १७७९ साली तह झाला आणि त्याच्या सतराव्या कलमात दमणच्या आसपासच्या गावांतून बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना लावून देण्याचं ठरलं. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. पहिलीने नगर हवेलीची गावं गेली, दुसरीने दादरा. तेवढ्याने बारा हजारांचा आकडा भरला.

आता यात दिलं काय? पोर्तुगीज म्हणाले, मुलूख दिला. मराठी कागद म्हणतो, जहागीर, सरंजाम दिला. सरंजाम म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. वसूल खायचा हक्क तुमचा, जमिनीचा धनी सरकार. मर्जी फिरली तर सरंजाम जप्त. पण हेगमध्ये हे सगळं मुळापासून समजावून सांगावं लागलं. तहाच्या पोर्तुगीज आणि मराठी पाठांत फरक होता आणि दोघांनी मान्य केलेली एक अस्सल प्रत कुठेच नव्हती. त्यात पोर्तुगालने एक हुशारीचा मुद्दा काढला. गावांत बंड झालं तर ते मोडायचा अधिकार आम्हाला दिला होता, म्हणजे राज्य आमचंच नाही का? न्यायालयाने त्याला दिलेलं उत्तर एखाद्या जुन्या कारभाऱ्याला शोभेल असं आहे. राज्य तुमचंच असतं तर बंड मोडायला वेगळी परवानगी कशाला लागली असती? ती दिली, याचाच अर्थ बंड मोडायचं ते मराठ्यांच्या वतीने.

म्हणजे पोर्तुगिजांचं तिथलं राज्य कागदावर कधी जन्मलंच नाही. मग ते आलं कुठून? हेगच्या निकालाचं उत्तर असं की ते गप्प बसण्यातून आलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रज आले तेव्हा त्यांना दिसलं की या गावांत पोर्तुगीज अधिकारी बसलाय, तोच वसूल घेतो, तोच न्याय देतो. त्यांनी आहे तसं चालू दिलं. कोणी हरकत घेतली नाही. हरकत न घेता शंभर-सव्वाशे वर्षं गेली की सरंजामाचं राज्य होतं. वाडवडिलार्जित जमिनीवर शेजाऱ्याने कुंपण सरकवलं आणि तुम्ही दोन पिढ्या काही बोलला नाहीत, तर तलाठ्याकडे जाऊन उपयोग होत नाही, तसंच हे.

सार्वभौमत्व हा शब्द मोठा आहे, पण त्याचा बराचसा पाया अशा मौनावर उभा असतो. म्हणून तर सत्तेला छोट्या निषेधाची एवढी धास्ती वाटते. निषेध करणारा मागत असतो धान्य, मजुरी, सभेची परवानगी. सत्तेला मात्र त्यात मौन मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

याच प्रदेशाला लागून, हद्दीच्या अलीकडे, असा आवाज १९४५ मध्ये झाला होता. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतले वारली पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले होते. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने जन्मभर राबायचं, याला तिकडे 'लग्नगडी' म्हणत. शब्द ऐकायला गोड आहे, म्हणूनच जास्त बोचतो. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे वारली आले, आणि मे महिन्यात झरी या गावी त्यांनी आपली स्वतःची परिषद भरवली. वेठ करणार नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरत होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ लिहून ठेवला आहे. ते वाचलं नसेल तर हे प्रकरण बाजूला ठेवून आधी ते वाचा, माझी काही हरकत नाही.

त्या वारल्यांच्या मागण्यांत 'राज्य कोणाचं' हा प्रश्न कुठेच नव्हता. हद्दीच्या या बाजूला इंग्रज, त्या बाजूला पोर्तुगीज, आणि दोन्हीकडे जमीन दुसऱ्याची. नगर हवेलीत पोर्तुगीज सरकार 'अल्वारा' नावाच्या परवान्याने जमिनी देई आणि त्या बहुतेक बाहेरून आलेल्या धनवानांच्या हाती गेलेल्या. आदिवासी त्यावर कुळ किंवा मजूर. हद्द ओलांडली म्हणून वेठ थोडीच चुकणार होती? पण जंगलातून बातम्या हिंडतात. इकडच्या वारल्याने जमीनदाराला नाही म्हटलं, हे तिकडच्या वारल्याला कळायला पासपोर्ट लागत नव्हता.

पोर्तुगिजांच्याच गोव्यातही कहाणी अशीच छोट्या गाऱ्हाण्यांनी भरलेली आहे. १८९५ सालचं सत्तरीच्या राण्यांचं बंड सुरू कशावरून झालं? गोव्यातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेत, मोझांबिकला पाठवायचं फर्मान निघालं आणि त्यांनी जहाजावर चढायला नकार दिला. बस. घरापासून समुद्रापार जायचं नाही, एवढंच. ते शिपाई सत्तरीच्या डोंगरात शिरले, राणे त्यांना मिळाले, आणि बघता बघता गोष्ट एवढी वाढली की लिस्बनहून फौजेबरोबर राजाच्या भावाला यावं लागलं. आज शाळेच्या पुस्तकात हा स्वातंत्र्यलढा आहे. त्या शिपायांना कोणी तसं सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. पण इतिहास हा असा उलट्या दिशेने नावं देत जातो. आधी भांडण, मग त्याचा अर्थ.

१८ जून १९४६ला मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली, तेव्हा त्यांचंही मागणं सभा घेऊ द्या, बोलू द्या, छापू द्या एवढंच होतं. ते असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राकडे विश्रांतीसाठी आले होते. तिथे त्यांना कळलं की इथे लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सरकारी नजरेखालून जावी लागते. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण सेन्सॉर होतं म्हटल्यावर विश्रांती कसली? पोर्तुगीज सरकारने या मागणीला उत्तर दिलं ते लष्करी न्यायालयाने. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा या ज्येष्ठ नेत्याला शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवलं.

इथे एक यंत्रणा दिसते. माणूस परवानगी मागतो. सरकार म्हणतं, परवानगी मागणं हाच राजद्रोह आहे. मग माणूस विचार करू लागतो, की असं असेल तर प्रश्न परवानगीचा नसून तुमचाच आहे. स्थानिक निषेधाचा राज्याच्या हक्कावरचा वाद होतो, तो पुष्कळदा सरकारच्या या उत्तरामुळे. पोर्तुगालने तर १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नवं नाव दिलं. वसाहतच नाही म्हटल्यावर ती सोडायची कशी? गोवा म्हणजे पोर्तुगालच, तिथल्या मिन्हो किंवा आल्गार्व प्रांतासारखा. भारताने १९५० मध्ये बोलणी करू या असं कळवलं होतं. लिस्बनचं म्हणणं, स्वतःच्या अंगाच्या तुकड्यावर बोलणी होत नसतात. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

आणि आता १९५४चा पावसाळा.

दमण समुद्रकाठी, दादरा आत, नगर हवेली आणखी आत. मधला सगळा मुलूख मुंबई राज्याचा, मुख्यमंत्री मोरारजी देसाई. दमणचा पोर्तुगीज गव्हर्नर दादऱ्याला जायचा तर त्याला भारताच्या हद्दीतून जावं लागे. २१ जुलैपर्यंत त्याला तशी परवानगी मिळतही होती. त्याच रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मस्करेन्हास यांच्या टोळीने दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली. ठाण्याचा प्रमुख आनिसेतो दो रोझारियो मारला गेला. सकाळी दादऱ्यावर तिरंगा होता. आठवड्याने नरोली पडली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि त्यांच्याबरोबर आलेले संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपली माणसं घेऊन आधीच खानवेलच्या रानाकडे सरकला होता. ११ ऑगस्टला तो शरण आला. कोणाला, तर भारतीय पोलिसांना. बंडखोरांच्या हाती पडण्यापेक्षा त्याला ते बरं वाटलं असावं, आणि त्यातला मान-अपमानही त्याने तोलला असावा.

या मोहिमेत कोण होतं ती यादी मराठी माणसाला चकित करते. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी हे गोव्याचे क्रांतिकारक होतेच. पुण्याचे राजा वाकणकर आणि नाना काजरेकर होते. तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. आणि सुधीर फडके होते, हो, तेच, बाबूजी. हत्यारं आणि प्रवासासाठी पैसे हवेत म्हणून त्यांनी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम घडवून आणला होता. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की आपण काढलेल्या तिकिटाने एका साम्राज्याचा तुकडा पडणार आहे? दुसऱ्या बाजूने किसान सभेचे लाल बावट्यावाले वारलीही हवेलीत उतरले होते. कोणी कोणतं गाव घेतलं यावर या सगळ्या मंडळींच्या आठवणी जुळत नाहीत. प्रत्येकाच्या पुस्तकात बाकीचे जरा उशिरा पोहोचतात.

आता तो अवघड प्रश्न. यात स्थानिक कोण? पोर्तुगाल जगाला ओरडून सांगत होतं की हा उठाव नाहीच, भारतातून सोडलेल्या टोळ्यांनी केलेलं आक्रमण आहे. भारत म्हणत होता, गोवेकरांनी आणि तिथल्या रहिवाशांनी स्वतःला मोकळं केलं. दोघंही पूर्ण खोटं बोलत नव्हते. मुंबईत धोबीतलावच्या 'कूड'मध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात राहणारा, जहाजावर नोकरी करणारा गोवेकर सिल्वासात स्थानिक की परका? पुण्याचा ब्राह्मण पोरगा? तलासरीचा वारली, ज्याची बहीण हद्दीपलीकडे दिलेली आहे? हद्द मानली तर तिघेही बाहेरचे. पण हद्द मानायची की नाही हेच तर भांडण होतं. राज्याच्या हक्काचा वाद जिथे असतो तिथे 'बाहेरचे' हा शब्द तटस्थ राहूच शकत नाही. तो उच्चारला की निकाल लागलेलाच असतो.

भारत सरकारलाही याची जाण होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात सत्याग्रही शिरणार होते, तेव्हा दिल्लीने बिगरगोवेकर भारतीयांना सीमेवरच अडवलं. फक्त गोवेकरांना जाऊ दिलं. त्यांच्यापैकी काहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावलाही. म्हणजे निषेध करायचा तर तो स्थानिकाने करावा, तरच तो आंतरराष्ट्रीय बाजारात खपतो, असा तो हिशेब होता. पुढच्या वर्षी हा हिशेब मोडला. ना. ग. गोरे आणि सेनापती बापट मे १९५५ मध्ये तुकडी घेऊन शिरले. मागोमाग मधू लिमये गेले, जगन्नाथराव जोशी गेले. १५ ऑगस्टला तर हजारोंनी सीमा ओलांडली आणि पोर्तुगिजांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या. पत्रादेवीला आज त्यांचं स्मारक आहे. देश हळहळला, मुंबई पेटली, पण सप्टेंबरमध्ये नेहरूंनी असे सत्याग्रह बंद करायला लावले. महाराष्ट्रात त्याबद्दलचा राग पुष्कळ वर्षं धुमसत राहिला. माझ्या मते तो राग रास्त होता आणि नेहरूंची अडचणही खरी होती. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, हे त्या वेळच्या अग्रलेखांना पटण्यासारखं नव्हतं.

परत आपल्या रस्त्याकडे येऊ. दादरा पडल्याबरोबर भारताने मधला रस्ता बंद केला. पोर्तुगालने विचारलं, दादऱ्यात काय झालं ते पाहायला आमची माणसं पाठवू द्या. भारत म्हणाला, नाही. नगर हवेलीला कुमक पाठवू द्या. नाही. लवाछाला, दादरा आणि नगर हवेलीच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत, राखीव पोलीस उभे राहिले. बंडखोरांना सगळ्यात मोठी मदत झाली ती या बंद फाटकाची. ठाणी जिंकणं सोपं होतं, कारण तिथे शिपाई मोजकेच होते. ती राखणं अशक्य झालं असतं, जर दमणहून तुकडी सुटली असती. म्हणून मी म्हणतो की यातली खरी लढाई रस्त्याची होती. चारही बाजूंनी दुसऱ्याच्या मुलुखाने वेढलेल्या जमिनीवरचं राज्य हे शेवटी शेजाऱ्याने दिलेल्या वाटेवर अवलंबून असतं.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ला संयुक्त राष्ट्रांत आलं. पाच दिवसांनी त्याने हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला. आणखी तीन दिवसांनी भारतावर दावा ठोकला. घाई बघा! दावा जमिनीचा नव्हता, वाटेचा होता. आम्हाला आमच्या गावांना जायचा हक्क आहे, तो भारताने नाकारला. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती छागला बसले. मुंबई उच्च न्यायालयातली दोन ओळखीची नावं.

निकाल १२ एप्रिल १९६०ला लागला. त्याची गंमत अशी की दोन्ही देशांना त्यात जिंकल्यासारखं वाटलं. अकरा विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, कारण इंग्रजांच्या काळापासून तशी वहिवाट पडली आहे. पण ती वाट भारताच्या नियमांखाली आणि देखरेखीखाली. आठ विरुद्ध सात मतांनी म्हणालं, फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारं यांना असा हक्क नव्हता, त्यांना नेहमीच परवानगी घ्यावी लागे. आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी म्हणालं की भारताने जुलै १९५४ मध्ये रस्ता अडवला ते चूक नव्हतं.

हे शेवटचं कशाच्या आधारावर? इथे त्या रात्रीचा उठाव न्यायालयात प्रवेश करतो. दादऱ्यात सत्ता उलथली गेल्यामुळे आसपासच्या भारतीय मुलुखात तणाव निर्माण झाला होता. अशा तणावात वाट बंद करणं हे देखरेखीच्या अधिकारात बसतं, असा तो युक्तिवाद. मस्करेन्हासांची टोळी, बाबूजींनी जमवलेले पैसे, वारल्यांचे बावटे, ठाण्यात पडलेला रोझारियो, या सगळ्याचं निकालपत्रात झालं काय, तर 'तणाव'. लोकांना काय हवं होतं हे न्यायालयाने विचारलं नाही. तो दाव्याचा विषयच नव्हता. त्यांनी केलेला गोंगाट मात्र भारताच्या कामी आला. इंग्रजांचं मौन पोर्तुगालच्या खात्यात जमा झालं होतं, दादऱ्याचा गोंगाट भारताच्या खात्यात जमा झाला. बोलणारा आणि गप्प बसलेला, दोघांनाही कोणी साक्षीला बोलावलं नाही.

दरम्यान नगर हवेलीत एक विचित्र राज्य चाललं होतं. पोर्तुगीज गेले, पण भारतात विलीन होता येईना, कारण प्रकरण कोर्टात. मग तिथल्या लोकांची 'वरिष्ठ पंचायत' कारभार पाहू लागली. सात वर्षं हा प्रदेश ना पोर्तुगालच्या ताब्यात होता, ना भारतात. शेवटी १९६१ मध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला, आणि तेव्हा एक पेच उभा राहिला. करार दोन सरकारांमध्ये होतो. भारताच्या वतीने नेहरू सही करतील, नगर हवेलीच्या वतीने कोण करणार? मग तिथे कारभार पाहायला पाठवलेले भारतीय सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना त्या सहीपुरतं तिथलं पंतप्रधान केलं गेलं. ११ ऑगस्ट १९६१पासून दादरा-नगर हवेली भारतात आली. फिदाल्गो शरण गेल्याला त्याच दिवशी सात वर्षं झाली होती. जुन्या सरंजामाचं राज्य व्हायला सव्वाशे वर्षं मौन लागलं होतं, आणि ते राज्य संपवताना एका बाबूला काही काळ पंतप्रधान व्हावं लागलं. कायद्याची ही नाटकं मला हास्यास्पद वाटत नाहीत. बंदुकीशिवाय हद्द बदलायची तर असं काहीतरी करावंच लागतं.

गोव्यात ते जमलं नाही. डिसेंबर १९६१ मध्ये फौजा शिरल्या आणि १९ तारखेला गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा शरण आला. सुरक्षा परिषदेत भारताला मागे हटायला सांगणारा ठराव आला, सात मतं बाजूने पडली, आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो फेटाळला गेला. पाश्चात्त्य प्रतिनिधी एकच गोष्ट घोळवत होते, की हे एका देशाने दुसऱ्यावर केलेलं आक्रमण आहे. भारताचं उत्तर, वसाहत हेच मुळात चालू असलेलं आक्रमण आहे. मग तिथे पुन्हा तोच जुना प्रश्न आला, की गोव्यातल्या लोकांचा उठाव कुठे आहे? तो होता, पण विखुरलेला आणि तुरुंगात. मोहन रानडे, जे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात राहिले आणि पोलीस चौक्यांवर छापे घालत राहिले, ते १९५५च्या अखेरीपासून कोठडीत होते. गोवा मुक्त झाला तेव्हाही ते लिस्बनजवळच्या तुरुंगात होते, आणि सुटले ते १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत पुन्हा सुधीर फडके होतेच. पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क करारावर सही करून मान्य केला तो १९७४च्या शेवटच्या दिवशी, लिस्बनमध्ये क्रांती झाल्यावर.

आणि वारल्यांचं काय? ज्या गाऱ्हाण्यापाशी आपण मघाशी थांबलो होतो, ते तिथेच राहिलं होतं. तिरंगा लागल्यावरही अल्वाराच्या जमिनी अल्वारादारांकडेच होत्या. पंचायत आली, विलीनीकरण झालं, पण कुळाच्या हातात जमीन येईना. दादरा-नगर हवेलीचा जमीन सुधारणा कायदा झाला तो १९७१ मध्ये. त्यानंतरही अल्वारादार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. हेगचा निकाल सव्वाचार वर्षांत लागला, जमिनीचा त्याहून पुष्कळ सावकाश. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग तर १ मे १९६०ला, हेगच्या निकालानंतर एकोणीस दिवसांनी, गुजरातमध्ये गेला. ज्या वारल्यांनी एकत्र वेठ नाकारली होती ते आता तीन हद्दींत वाटले गेले: महाराष्ट्र, गुजरात, नगर हवेली. शाळेत तीन वेगळी पुस्तकं, आणि घरात वारली बोली.

२६ जानेवारी २०२०पासून दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. दमणहून सिल्वासाला जायला परवाना लागत नाही, रस्त्यावर राखीव पोलीस उभे नसतात. फक्त दमणच्या दुकानात रीतसर पावती घेऊन विकत घेतलेली बाटली सिल्वासाच्या घरी न्यायची असेल, जिथे ती तितकीच रीतसर आहे, तर मध्ये वापी लागतं. तिथे ती बाटली गुन्हा ठरते. वापीच्या नाक्यावर हवालदार डिकी उघडायला सांगतो, आणि मागच्या सीटवरचे काका म्हणतात, "अहो साहेब, आमच्याच प्रदेशातून आमच्याच प्रदेशात चाललोय." हवालदार काही न बोलता डिकीकडे बोट दाखवतो.